रिकाम्या बाकांचा हिशेब

३० मार्च १८५१ च्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समध्ये एक वेगळीच मोजणी झाली. एरवीच्या जनगणनेत माणसे मोजली जातात. या रविवारी देवाच्या दारी आलेली माणसे मोजली गेली. प्रत्येक चर्चमध्ये आणि प्रत्येक चॅपेलमध्ये सकाळी, दुपारी व संध्याकाळी किती जण उपासनेला बसले होते, याचे आकडे मागवण्यात आले. लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ८० लाख. उपस्थितीची बेरीज भरली सुमारे १ कोटी ९ लाख, आणि तीत एकच मनुष्य दोनदा-तीनदा मोजला गेल्याची शक्यता होतीच. या मोजणीचा अहवाल लिहिणाऱ्या होरेस मान यांनी लहान मुले, आजारी, वृद्ध व कामावर असलेले अशा सर्वांना वगळून एक संख्या काढली : ५२,८८,२९४. येऊ शकत असूनही न आलेली ही माणसे.

व्हिक्टोरियन इंग्लंडला या संख्येने धक्का बसला. स्वतःला ख्रिस्ती साम्राज्य म्हणवणाऱ्या, जगभर मिशनरी पाठवणाऱ्या देशाच्या राजधानीतला कामगारच चर्चच्या बाहेर उभा आहे, हे त्या दिवशी कागदावर आले.

त्यानंतर बरोबर दीडशे वर्षांनी, २००१ च्या जनगणनेत, इंग्लंड-वेल्सच्या रहिवाशांना 'तुमचा धर्म कोणता?' असा ऐच्छिक प्रश्न प्रथमच विचारण्यात आला. ७१.७ टक्के लोकांनी 'ख्रिस्ती' असे उत्तर दिले. २०११ मध्ये हे प्रमाण ५९.३ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर. 'कोणताही धर्म नाही' म्हणणारे याच काळात १४.८ वरून ३७.२ टक्क्यांपर्यंत पोचले. दोन्ही मोजण्यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. १८५१ मध्ये पाय मोजले गेले, २००१ नंतर नाव मोजले गेले. चर्चमध्ये न जाणारा मनुष्यही दीर्घकाळ आपल्याला ख्रिस्ती म्हणवत होता. आता तो ते नावही सोडू लागला आहे.

अशा वेळी चर्चने काय करावे, हा प्रश्न केवळ धर्मगुरूंचा नाही. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने तो आणखी एका अर्थाने जवळचा आहे. या ओहोटीचा सर्वांत बारकाईने ठेवलेला वृत्तान्त जनगणनेच्या तक्त्यांत नसून कादंबऱ्यांत आणि कवितांत आहे. तक्ता सांगतो, किती गेले. का गेले, जाताना काय बरोबर नेले आणि दारात किती वेळ घुटमळले, हे साहित्य सांगते. चर्चने आजवर तक्ताच अधिक वाचला, असे माझे मत आहे.

*

मान यांचा अहवाल मुळातून पाहिला की एक आश्चर्य वाटते. कामगारवर्ग दूर राहण्याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांत नास्तिक तत्त्वज्ञानाला फारसे स्थान नाही. पहिले कारण सामाजिक भेदाचे. तेव्हा चर्चमधली चांगली बाके भाड्याने दिली जात. सधन कुटुंबांची बाके राखीव, कित्येकदा दाराने बंद केलेली, आणि गरिबांसाठी मागच्या किंवा कडेच्या फुकट जागा. जी उतरंड आठवडाभर गिरणीत भोगायची, तीच रविवारी देवासमोर पुन्हा भोगायची. दुसरे कारण, गरिबांच्या दैन्याविषयी चर्चला पुरेशी कणव नाही ही भावना. तिसरे, धर्मोपदेशकांच्या हेतूविषयीचा संशय. चौथे, दाटीवाटीच्या खुराड्यांतले जगणे. ज्याला एकान्त म्हणून ठाऊकच नाही त्याला प्रार्थनेची सवय कशी लागावी? हे निदान १८५४ साली छापलेले आहे, आणि आजही जुने झालेले नाही.

परंतु या निदानाबरोबरच अहवालात आणखी एक गोष्ट होती : जागांची टंचाई. लोकसंख्या इतकी, बाकांवरच्या जागा इतक्या, म्हणजे तूट इतकी. संस्थांना असले गणित फार आवडते, कारण त्याचे उत्तर विटा आणि चुन्यात देता येते. ही ओढ तशी जुनीच होती. १८१८ च्या कायद्याने संसदेने नव्या चर्चच्या बांधणीसाठी दहा लाख पौंड मंजूर केले होते, १८२४ मध्ये आणखी पाच लाख. त्यातून सुमारे सहाशे चर्च उभी राहिली. १८५१ नंतर अँग्लिकन आणि स्वतंत्र पंथांनी एकमेकांशी चढाओढ करीत बांधकामाचा सपाटा लावला. रॉबिन गिल यांनी 'द मिथ ऑफ द एम्प्टी चर्च' (१९९३) या ग्रंथात दाखवून दिले की अनेक ठिकाणी, विशेषतः लोक गाव सोडून शहराकडे जात असलेल्या ग्रामीण भागात, लोकसंख्येला पेलणार नाहीत इतक्या जागा बांधल्या गेल्या. रिकामे चर्च हे श्रद्धा आटल्याचा परिणाम असते असे आपण समजतो. गिल यांच्या मते ते अंशतः कारणही होते. अर्ध्या रिकाम्या दालनात बसणाऱ्याला आपण हरत चाललेल्या पक्षात आहोत असे वाटते. शिवाय कर्ज फेडायचे, छप्पर दुरुस्त करायचे, ते मूठभर लोकांनीच. मान यांनी नोंदलेल्या चार कारणांपैकी एकाही कारणाला नवी इमारत हे उत्तर नव्हते.

*

टॉमस हार्डी आपल्याला श्रद्धा गमावलेला लेखक म्हणून माहीत आहे. तो चर्चच्या किती आत वाढला होता, हे मात्र आपण विसरतो. त्याचे आजोबा आणि वडील स्टिन्सफर्डच्या चर्चमधल्या वाद्यवृंदात वाजवत असत. तरुणपणी वास्तुशिल्पी म्हणून हार्डीने चर्चच्या जीर्णोद्धाराची कामे केली, आणि पुढे १९०६ साली एका निबंधात त्या जीर्णोद्धारांनी केलेल्या नासधुशीबद्दल खेद व्यक्त केला. ज्याचा विश्वास उडाला आहे तो चर्चच्या जुन्या बाकांसाठी हळहळतो आहे, आणि ज्यांचा विश्वास शाबूत आहे ते ती बाके उपटून नवी बसवत आहेत, असा हा विरोधाभास आहे.

'अंडर द ग्रीनवुड ट्री' (१८७२) या कादंबरीचा विषयच असा जीर्णोद्धार आहे. मेलस्टॉक गावातले वादक पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या सज्जात बसून फिडल आणि चेलो वाजवत आले आहेत. नवा तरुण धर्मगुरू मेबोल्ड येतो. तो सज्जन आहे, कर्तव्यदक्ष आहे, आणि त्याला चर्चमध्ये ऑर्गन हवा आहे. वादकांचे शिष्टमंडळ त्याला भेटायला जाते. त्यांची मागणी एवढीच की जायचेच आहे तर मानाने जाऊ द्यावे. पहिल्यांदा ऑर्गन वाजतो त्या रविवारी हे वादक बायकामुलांसोबत चर्चमध्ये इकडेतिकडे विखरून बसलेले असतात आणि रिकाम्या हातांचे काय करावे हे त्यांना कळत नाही.

दुराव्याच्या इतिहासातली ही मला सर्वांत बोलकी घटना वाटते. हार्डीने ती विनोदाच्या अंगाने सांगितली आहे, म्हणून तिचे गांभीर्य नजरेआड होते. इथे कोणी डार्विन वाचलेला नाही, कोणाला शंका आलेली नाही. चर्चने सुधारणा केली. संगीत अधिक शुद्ध झाले. आणि काल ज्यांच्या हातून उपासना घडत होती ते आज तिचे श्रोते झाले. श्रोता कधीही उठून जाऊ शकतो. ज्याच्या हातात वाद्य आहे त्याला उठता येत नाही.

*

जॉर्ज एलियटची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८४२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने वडिलांबरोबर चर्चला जाण्यास नकार दिला. घरात काही महिने युद्ध चालले. शेवटी तोडगा निघाला : ती चर्चमध्ये येऊन बसेल, मनात काय विचार करायचा ते तिचे ती पाहील. पुढे तिने श्ट्राउसचे ख्रिस्तचरित्र आणि फॉयरबाखचा ख्रिस्ती धर्मावरील ग्रंथ इंग्रजीत आणला. म्हणजे ज्या जर्मन चिकित्सेने त्या शतकाची श्रद्धा हलवली तिची ती वाहकच होती. आणि तरीही 'अ‍ॅडम बीड' (१८५९) मध्ये तिने इंग्रजी कादंबरीतली एक अत्यंत प्रभावी ख्रिस्ती व्यक्तिरेखा उभी केली : डायना मॉरिस, गिरणीत काम करणारी मेथडिस्ट उपदेशिका.

अर्भकाच्या मृत्यूबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या हेटीच्या कोठडीत डायना जाते, तो प्रसंग आठवावा. ती आधी बोलत नाही. ती हेटीला जवळ घेते, अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहते. हेटीचे दगड झालेले मन त्या सोबतीने फुटते आणि मग ती बोलती होते. ज्या लेखिकेचा त्या धर्माच्या सिद्धान्तांवर विश्वास उरलेला नव्हता, तिने त्या धर्माचे सार एवढ्या अचूकपणे ओळखले होते. मात्र कादंबरीचा शेवट आपण घाईने वाचतो. वेस्लियन परिषदेने स्त्रियांच्या उपदेशावर निर्बंध घातला (हा ठराव १८०३ चा), आणि डायनाने तो मानून उपदेश थांबवला, असे तिथे कळते. चर्चच्या हाती असलेला सर्वोत्तम आवाज चर्चने स्वतःच बंद केला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळायला १९९४ साल उजाडले, आणि पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली.

या विलंबाची किंमत किती, याचा अंदाज कॅलम ब्राऊन यांच्या 'द डेथ ऑफ ख्रिश्चन ब्रिटन' (२००१) या वादग्रस्त ग्रंथावरून येतो. ब्राऊन यांच्या मते ब्रिटनमधली घसरण औद्योगिकीकरणापासून संथपणे चाललेली नाही. ती १९६० च्या दशकात एकाएकी झाली, आणि तिचे मुख्य कारण म्हणजे स्त्रियांनी धार्मिकतेशी जोडलेली आपली पारंपरिक प्रतिमा नाकारली. घरात प्रार्थना शिकवणारी, मुलांना संडे स्कूलला पाठवणारी आई बदलली आणि परंपरेचा धागाच तुटला. हे प्रतिपादन सर्वस्वी मान्य करायचे कारण नाही. पण स्त्रियांच्या खांद्यावर उभी असलेली संस्था त्यांना व्यासपीठ नाकारत राहिली, हे नाकारता येत नाही.

*

मॅथ्यू अर्नल्डने वेगळा उपाय सुचवला. 'डोव्हर बीच' (१८६७) या त्याच्या कवितेतली ओहोटीची प्रतिमा सर्वांना पाठ असते, पण तो केवळ विलाप करून थांबला नाही. 'लिटरेचर अँड डॉग्मा' (१८७३) मध्ये त्याने बायबल शास्त्रीय विधान म्हणून न वाचता वाङ्मय म्हणून वाचावे असा आग्रह धरला, आणि पुढे धर्माची जागा उत्तरोत्तर कविता घेईल अशी आशाही व्यक्त केली. आपले साहित्याचे विभाग हे काही अंशी याच आशेचे अपत्य आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) मध्ये दाखवले आहे की इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून हिंदुस्थानात इंग्लंडपेक्षा आधी रुजला. धार्मिक तटस्थतेमुळे सरकारला बायबल शिकवता येत नव्हते, तेव्हा ख्रिस्ती नीती साहित्याच्या वेष्टनातून देण्यात आली. म्हणजे साहित्याला धर्माच्या जागी बसवण्याचा प्रयोग अर्नल्डच्या आधी आपल्यावर होऊन गेला होता.

तो प्रयोग पुरा पडला नाही. कविता सान्त्वन करते, दृष्टी देते. पण मर्तिकाच्या दिवशी चार माणसे दारात उभी करणे तिच्याने होत नाही. आणि उलट बाजूने, बायबलची ओळख ओसरली की एलियट, हार्डी, मिल्टन हे तळटीपांतून वाचावे लागतात. पुत्र परत आल्यावरची मेजवानी, वाळवंटातली चाळीस वर्षे, रूथचे परक्या शेतातले सरवा वेचणे, हे ज्याच्या कानावर कधी पडलेच नाही त्याला अर्धे इंग्रजी काव्य मुके असते. चर्चच्या ओहोटीत आपलाही किनारा उघडा पडतो आहे.

*

विसाव्या शतकात चर्चने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८४ मध्ये सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल सुरू केला. विद्यापीठातल्या तरुणांनी गरिबांमध्ये येऊन राहावे ही कल्पना. पुढे कल्याणकारी राज्याचा आराखडा मांडणारे बेव्हरिज आणि ते राज्य उभारणारे पंतप्रधान अ‍ॅटली हे दोघेही तरुणपणी तिथे काम करून गेले होते. शाळा, दवाखाना, निराधारांना मदत ही चर्चची कामे राज्याने उचलली आणि चर्चची गरज कमी झाली. जेफ्री कॉक्स यांनी लँबेथच्या अभ्यासात (१९८२) ही प्रक्रिया तपशिलाने दाखवली आहे. आकड्यांच्या भाषेत हा पराभव आहे. परंतु मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त ज्यांच्या धर्मग्रंथात आहे, त्यांनी तरी त्याला पराभव म्हणू नये.

१९६३ मध्ये वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी 'ऑनेस्ट टु गॉड' लिहून शंका व्यासपीठावर आणली. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९८५ मध्ये आर्चबिशप रन्सी यांच्या पुढाकाराने 'फेथ इन द सिटी' हा अहवाल आला. शहरी दारिद्र्यावर त्याने असे बोट ठेवले की सरकारपक्षातून त्याच्यावर मार्क्सवादाचा शिक्का बसला. या दोन्ही प्रसंगी बाके भरली नाहीत, पण चर्च काय म्हणते हे ऐकायला देश थांबला. याउलट २०२४ च्या नोव्हेंबरात आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला, तो ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित एका व्यक्तीने मुलांवर केलेल्या क्रूर अत्याचारांच्या प्रकरणात. २०१३ मध्ये वरिष्ठांना माहिती मिळूनही ते प्रकरण योग्य रीतीने पोलिसांपर्यंत नेले गेले नाही, असा स्वतंत्र चौकशीचा निष्कर्ष होता. संस्थेची अब्रू राखण्यासाठी मौन पाळायचे आणि मग लोक का येत नाहीत यावर परिषदा भरवायच्या, हे एकाच वेळी चालू शकत नाही.

*

फिलिप लार्किनची 'चर्च गोइंग' (१९५५ च्या संग्रहातली) ही कविता वर्गात शिकवताना आपण तिच्या उपरोधावर थांबतो. सायकलवरून आलेला, श्रद्धा नसलेला एक मनुष्य रिकाम्या चर्चमध्ये डोकावतो, आणि आपण इथे का थांबतो हा प्रश्न त्याला सुटत नाही. समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४ मध्ये अशा लोकांचे वर्णन 'श्रद्धा आहे, पण सदस्यत्व नाही' अशा आशयाच्या सूत्राने केले. लार्किनच्या माणसापाशी तीही श्रद्धा नाही. तरी तो टोपी नसल्यामुळे सायकलच्या क्लिपा काढून ठेवतो. या माणसाला चर्चच्या नोंदवहीत रकाना नाही. माझ्या मते चर्चने पहिल्यांदा त्याचाच विचार करायला हवा.

असा विचार करणारे दोन जण आपल्या इतिहासात सापडतात. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून तमिळ प्रदेशात आले, १९४७ मध्ये दक्षिण भारतातल्या एकीकृत चर्चचे बिशप झाले आणि १९७४ मध्ये इंग्लंडला परतले. परतल्यावर त्यांना मायदेश हेच मिशनचे क्षेत्र झालेले दिसले, आणि हिंदुस्थानातल्या गरीब वस्त्यांत जी आशा होती ती इथे लोपली आहे असे जाणवले. निवृत्तीच्या वयात त्यांनी बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब, स्थलांतरितांच्या वस्तीतली, तुरुंगासमोरची एक छोटी मंडळी सांभाळायला घेतली. 'द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी' (१९८९) मध्ये ते म्हणतात त्याचा आशय असा की शुभवर्तमानाचा खरा अर्थ लावून दाखवते ती ते जगणारी मंडळीच.

दुसरे नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे बंधुभावाने एकत्र यावेत ही कल्पना. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण ग्रेस डेव्हींचे सूत्र येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी, नोंदवहीबाहेरच्या माणसाला जागा कुठे, हा प्रश्न टिळकांनी कृतीने विचारला होता.

या दोघांत विरोध आहे, आणि तो मिटवू नये. न्यूबिगिन मंडळीवर भर देतात, टिळक तिची कुंपणे ओलांडतात. परंतु दोघांनीही इमारतीपासून सुरुवात केली नाही. मराठी ख्रिस्ती भाषेने 'चर्च' या संकल्पनेसाठी जो शब्द निवडला तो इथे मार्गदर्शक ठरावा. मराठी बायबलात चर्च म्हणजे 'मंडळी'. घरात आलेल्या माणसांना आपण हाक मारतो तोच हा शब्द. बाके मोजता येतात. मंडळी जमावी लागते.

मग चर्चने काय करावे? इतिहासातून निघणारे उत्तर फारसे चमकदार नाही. मेबोल्डने काढून घेतलेली वाद्ये परत द्यावीत, म्हणजे उपासना पुन्हा लोकांच्या हातून घडू द्यावी. डायनाला बोलू द्यावे, आणि तिच्याकडून आधी गप्प बसून ऐकायला शिकावे. शंका घेणाऱ्याला दारात न अडवता आत बसू द्यावे, जसे एलियटच्या घरातल्या तोडग्याने तिला बसू दिले. आपल्याच घरातल्या अन्यायाची दाद बाहेरच्या न्यायासमोर मागू द्यावी. आपल्या कथा, न येणाऱ्यांच्या मुलांनाही, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता सांगत राहावे. आणि लार्किनच्या सायकलस्वारासाठी दार उघडे ठेवावे. तो आत आला म्हणून त्याची मोजणी करू नये.

याने २०३१ च्या जनगणनेतला आकडा वाढेल का? बहुधा नाही. ५२,८८,२९४ ही संख्या हाती आली तेव्हा तिच्यासोबत चार कारणेही आली होती. चर्चने संख्या घेतली आणि कारणे बाजूला ठेवली. ती कारणे अजून तिथेच पडून आहेत.